श्वासाचें भाकीत

घरांत कोणी गंभीर आजारी पडलें म्हणजे वैद्याला दोन प्रश्न विचारले जातात. रोग कोणता, हा पहिला. आणि रोगी यांतून वांचेल काय, हा दुसरा. पहिला प्रश्न रोग्याच्या खाटेशेजारीं विचारला जातो. दुसरा बहुधा दाराबाहेर आणि हलक्या आवाजांत. वैद्यकाच्या अर्वाचीन इतिहासांत पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला, म्हणजे निदानाला, फार मोठा मान मिळाला. दुसऱ्याचें उत्तर देण्याची विद्या मात्र पुष्कळ काळ मागें पडली होती. ती पुन्हां कशी पुढें आली आणि तिनें कोणतें रूप घेतलें, हें एका अगदीं परिचित रोगाच्या उदाहरणानें पाहण्यासारखें आहे.

या रोगाला घराघरांतून ‘जुना दमा’ म्हणतात; डॉक्टरमंडळी त्याला ‘सीओपीडी’ या आद्याक्षरांनीं ओळखतात. त्यांत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंती झिजून जातात. विडी-सिगारेटचा, चुलीचा किंवा कारखान्यांतील धूर व धूळ वर्षानुवर्षें छातींत गेल्याचा हा परिणाम असतो. रोग सावकाश वाढतो. परंतु मधून मधून, विशेषतः थंडीच्या दिवसांत, तो एकाएकीं उसळी घेतो. धाप वाढते, कफ वाढतो, रात्र बसून काढावी लागते आणि अखेर रुग्णालय गांठावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०१९ सालीं या रोगानें जगांत ३२ लाखांहून अधिक माणसें दगावलीं. अशा उसळीच्या वेळीं दाखल झालेल्या रोग्यांपैकीं कोणाच्या जिवाला खरा धोका आहे, हें आधीं ओळखतां येईल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाहीं.

प्राचीनांनीं या प्रश्नाला बगल दिली नव्हती. चरकसंहितेंतील इंद्रियस्थान हा १२ अध्यायांचा संपूर्ण विभाग मरणसूचक चिन्हांना, म्हणजे अरिष्टांना, वाहिलेला आहे. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानांत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांपैकीं पहिले तीन प्राणघातक, तमकश्वास याप्य म्हणजे उपचारांनीं आटोक्यांत ठेवण्याजोगा, आणि क्षुद्रश्वास साध्य, अशी त्यांची वांटणी केलेली आहे. रोग्याच्या धोक्याप्रमाणें पायऱ्या पाडण्याची ही रीत आजच्या रीतीहून तत्त्वतः निराळी नाहीं. ग्रीसमध्यें हिपॉक्रेटिसच्या परंपरेंतही भाकितावर एक स्वतंत्र ग्रंथ झाला.

परंतु हें भाकीत कोणासाठीं होतें? दोन्ही परंपरांचें उत्तर थोडेंसें विस्मयकारक वाटेल. असाध्य रोगाला हात घालणारा वैद्य द्रव्य, विद्या व यश यांना मुकतो, असा इशारा चरकानें दिला आहे. रोग्याचें मरण आधींच सांगून ठेवणारा वैद्य दोषांतून सुटतो, असें ग्रीक ग्रंथाचेंही म्हणणें आहे. म्हणजे भाकितानें वैद्याची कीर्ति राखली जाई. रोग्याला त्याचा लाभ व्हावयाचा तो त्या मागून. प्रत्येक युगांत हें भाकीत कोणाच्या उपयोगाचें ठरलें, या एका दृष्टीनें पुढचा सारा इतिहास वाचतां येतो.

१७६१ सालीं लेओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्यानें छातीवर बोटांनीं ठोकून आंतील स्थिति आवाजावरून ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८१६ सालीं पॅरिसमध्यें रने लाएनेक यानें कागदाची सुरळी करून ती एका स्त्रीरोग्याच्या छातीला लावली आणि त्यांतून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. १८१९ सालच्या त्याच्या ग्रंथांत फुगून झिजलेल्या फुप्फुसांचें वर्णन आढळतें. हेंच आपल्या विषयांतील रोगाचें एक प्रमुख अंग. लाएनेक जिवंतपणीं कानांनीं जें ऐके, तें मृत्यूनंतर शवविच्छेदनांत डोळ्यांनीं ताडून पाही. या मार्गानें निदानाची भरभराट झाली. रोगाला अचूक नांव देणें हा वैद्याचा मुख्य पुरुषार्थ ठरला, आणि पुढें काय होणार हें सांगण्याची जुनी विद्या मागच्या बांकावर जाऊन बसली. स्वतः लाएनेक १८२६ सालीं क्षयानें वारला.

भाकिताला पुन्हां मागणी आली ती एका निराळ्याच दिशेनें. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्यानें १८४६ सालीं आपलें श्वासमापक यंत्र विद्वानांपुढें मांडलें. माणसानें छाती भरून श्वास घ्यावा आणि तो सगळा एका नळींतून फुंकावा. पाण्यांत उपडें ठेवलेलें भांडें तितकें वर उचललें जाई आणि हवेचें माप कळे. हचिन्सननें खलाशी, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, छापखान्यांतील कामगार, मल्ल, भिकारी अशा २००० हून अधिक लोकांच्या फुंकरी मोजल्या. उंची एक इंच वाढली कीं हें माप सुमारें ८ घन इंच वाढतें आणि छातीच्या रोगांत तें घटतें, असें त्यानें दाखविलें. त्या मापाला त्यानें नांव दिलें तेंच मुळीं प्राणशक्तीचें. आयुर्विमा कंपन्यांना या यंत्राचा उपयोग होईल अशी त्याची अपेक्षा होती. कोण किती जगेल हें ज्याला पैशांच्या हिशेबासाठीं हवें, तो भाकिताचा नवा धनी ठरला. हचिन्सन पुढें १८५२ सालीं ऑस्ट्रेलियास गेला आणि १८६१ सालीं फिजी बेटांत मरण पावला. त्याच्या यंत्राचें चीज व्हावयास पुढें शंभर वर्षें लागलीं. १९४७ सालीं फ्रान्समध्यें टिफनो व पिनेली यांनीं सगळी फुंकर मोजण्याऐवजीं पहिल्या एका सेकंदांत किती हवा बाहेर पडते हें मोजावें, असें सुचविलें, आणि अरुंद श्वासनलिकांचें मोजमाप त्यामुळें खरें सुलभ झालें.

याच सुमारास वेल्समधील कोळशाच्या खाणींत दुसरें एक माप तयार होत होतें. खाणकामगारांच्या छातींत धूळ बसून होणाऱ्या रोगांच्या अभ्यासासाठीं १९४५ सालीं कार्डिफजवळ एक संशोधन केंद्र निघालें. त्याचा पहिला संचालक डॉ. चार्ल्स फ्लेचर. १९४१ सालीं ऑक्सफर्ड येथें रोग्याला पेनिसिलिनचीं पहिलीं इंजेक्शनें देणारा तो हाच तरुण डॉक्टर. खाणींतील माणसाला धाप किती लागते हें ठरविण्यास त्यानें यंत्र वापरलें नाहीं. साधे प्रश्न विचारले. चढावर भराभर चालतांना धाप लागते काय? सपाटीवर बरोबरीच्या वयाच्या माणसांबरोबर चालतां येतें काय? आपल्या चालीनें चालतांनाही थांबावें लागतें काय? कपडे करतांना धाप लागते काय, घराबाहेर पडणेंच बंद झालें आहे काय? या प्रश्नांतून पांच पायऱ्यांची एक मोजपट्टी झाली. तिचें महत्त्व पुढें कळलें.

१९५२ सालच्या डिसेंबरांत, ५ ते ९ तारखेच्या दरम्यान, लंडन शहरावर धूर व धुकें यांचा दाट पडदा बसला. घरोघरच्या शेगड्यांतील कोळशाचा धूर वारा पडल्यामुळें शहरांतच कोंडला गेला. त्या दिवसांत व लगेच नंतर सुमारें ४००० माणसें नेहमींपेक्षां अधिक मेलीं, असा त्या वेळचा सरकारी अंदाज होता. पुढील संशोधकांनीं हा आंकडा १२००० पर्यंत नेला. मेलेल्यांत जुन्या खोकल्याचे व धापेचे रोगी फार मोठ्या संख्येनें होते. म्हाताऱ्यांचा किरकोळ आजार म्हणून ज्याकडे दुर्लक्ष होत असे, तो रोग चार दिवसांत एका राजधानीला हादरवूं शकतो, हें तेव्हां कळून चुकलें. १९५६ सालीं ब्रिटनमध्यें शुद्ध हवेचा कायदा झाला. फ्लेचर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६१ पासून लंडनच्या कामकरी पुरुषांची आठ वर्षें नियमित तपासणी केली आणि १९७६ सालीं निष्कर्ष मांडले. धूम्रपानाचा अपाय ज्यांना बाधतो त्यांची श्वासशक्ति इतरांपेक्षां वेगानें ढासळते. धूम्रपान सोडल्यानें गेलेली शक्ति परत येत नाहीं, परंतु पुढची घसरण मंदावते. येथें भाकीत प्रथमच रोग्याच्या हातीं आलें, कारण तें बदलण्याचा उपायही त्याच्याच हातीं होता.

परंतु हें भाकीत वर्षांचें झालें. रुग्णालयाच्या दारांत धापा टाकीत आलेल्या माणसाचें काय? त्याचें उत्तर कोपनहेगनकडून आलें. त्याच १९५२ सालीं तेथें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडलेले रोगी, बहुतेक मुलें, एकामागून एक मरत होतीं. त्यांच्या रक्तांत कर्बाम्लवायु सांठतो आहे हें बियोर्न इब्सेन या भूल देणाऱ्या डॉक्टरनें ओळखलें. त्यानें मानेंतून श्वासनलिकेंत नळी घालून हातानें पिशवी दाबून श्वास देण्याची युक्ति योजिली, आणि सुमारें १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, पिशव्या दाबून मुलांचे प्राण राखले. रक्ताची आम्लता त्या वेळीं पाउल ऑस्ट्रुप याच्या प्रयोगशाळेंत मोजली जात होती. आम्लता मोजण्याचें ‘पीएच’ हें परिमाणही १९०९ सालीं सोरेनसेन यानें याच शहरांत दिलेलें. रक्त जितकें आम्ल, तितका धोका अधिक, हा धडा पोलिओवरून पुढें जुन्या दम्यालाही लागू पडला.

कृत्रिम श्वासाचीं यंत्रें आलीं तेव्हां एक नवा पेंच उभा राहिला. यंत्रें थोडीं, खाटा थोड्या, आणि रोगी पुष्कळ. यंत्रावर घातलेला जुना दमेकरी त्यावरून सुटणारच नाहीं, अशी भीति डॉक्टरांच्या मनांत घर करून राहिली. १९९५ सालीं फ्रान्समधील ब्रोशार व सहकाऱ्यांनीं ८५ रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत घशांत नळी न घालतां तोंडावर मुखवटा बसवून यंत्रानें श्वास दिला, तेव्हां मृत्यूचें प्रमाण शेंकडा २९ वरून ९ वर आलें. २००० सालीं ब्रिटनमधील १४ रुग्णालयांतल्या साध्या वॉर्डांत २३६ रोग्यांवर हाच उपाय झाला आणि मृत्यू शेंकडा २० वरून १० वर आले. उपाय हातीं होता. तो कोणाला व किती लवकर द्यावयाचा, हें ठरविणें उरलें होतें.

येथेंच डॉक्टरांच्या अनुभवी अंदाजाची परीक्षा झाली. ब्रिटनच्या अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या जुन्या दम्याच्या व अस्थम्याच्या ८३२ रोग्यांचा एक अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. रोगी १८० दिवसांनीं हयात असेल काय, याचा अंदाज डॉक्टरांनीं दाखल करतांनाच नोंदविला होता. त्यांच्या अंदाजाप्रमाणें शेंकडा ४९ वांचावयाचे होते. प्रत्यक्षांत ६२ वांचले. ज्यांच्याविषयीं सर्वांत अधिक निराशा होती अशा पांचव्या हिश्श्यांत शेंकडा १० च वांचतील असें वाटत होतें. त्यांतले ४० वांचले. या आंकड्यांमागचा अर्थ गंभीर आहे. हे रोगी निदान अतिदक्षता विभागांत पोंचले तरी होते. अशाच निराशेमुळें ज्यांना तेथपर्यंत नेलेंच गेलें नाहीं, त्यांची गणना या अभ्यासांत होणें शक्यच नव्हतें. अनुभवी डॉक्टरांचा अंदाज चुकला यांत त्यांच्या सद्हेतूला बाधा येत नाहीं. मेलेला रोगी स्मरणांत राहतो. बरा होऊन घरीं गेलेला पुन्हां दृष्टीस पडत नाहीं, आणि स्मरणशक्ति अशा रीतीनें माणसाला निराशेकडे ओढते.

याच्या उलट खोटी आशाही घातक असते. अमेरिकेंतील १०१६ रोग्यांचा अभ्यास १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. रक्तांत कर्बाम्लवायु वाढण्याइतकी तीव्र उसळी आलेले हे रोगी. त्यांपैकीं शेंकडा ११ रुग्णालयांत वारले. पण सहा महिन्यांत ३३ आणि दोन वर्षांत ४९ गेले. ‘या खेपेस निभावलें’ म्हणून निश्चिंत होणाऱ्या कुटुंबांना हें कोणी सांगत नव्हतें.

स्थिर अवस्थेंतील रोग्यांसाठीं २००४ सालीं सेली व सहकाऱ्यांनीं एक गुणपद्धति दिली होती. शरीराचें वजन, फुंकरीचें माप, धापेची पायरी आणि सहा मिनिटांत चाललेलें अंतर यांवर ती उभी होती. परंतु उसळी येऊन खाटेवर पडलेल्या माणसाला सहा मिनिटें चालवायचें कसें? ही उणीव ईशान्य इंग्लंडमधील स्टिअर, गिब्सन व बर्क या डॉक्टरांनीं २०१२ सालीं भरून काढली. त्यांनीं ९२० रोग्यांची दाखल होतांना मिळणारी सारी माहिती नोंदली, त्यांतील कोण दगावले हें पाहिलें, आणि गणिताच्या चाळणीनें अशीं पांचच चिन्हें निवडलीं कीं ज्यांचा स्वतंत्र भार ठरतो. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीचें नांव पडलें ‘डीकॅफ’. कॅफीन काढलेल्या कॉफीलाही इंग्रजींत हाच शब्द आहे. त्यामुळें तो लक्षांत राहण्यास सोपा.

हीं पांच चिन्हें म्हणजे वैद्यकाच्या दीडशें वर्षांचा सारांश आहे. पहिलें धापेचें. खाणकामगारांसाठीं फ्लेचरनें केलेल्या मोजपट्टीची शेवटची पायरी येथें दुभागली आहे: घराबाहेर पडतां येत नाहीं, पण आंघोळ वा कपडे स्वतः करतां येतात, त्याला १ गुण; दोन्हींसाठीं दुसऱ्याची मदत लागते, त्याला २. दुसरें चिन्ह रक्तांतील इओसिनोफिल पेशींची कमतरता. या पेशींना १८७९ सालीं पाउल एर्लिख यानें नांव दिलें. शरीरावर मोठा आघात झाला म्हणजे त्यांची संख्या घसरते, आणि एका घन मिलिमीटरमध्यें ५० पेक्षां ती कमी झाली तर १ गुण. तिसरें, १८९५ सालीं राँटगेननें शोधिलेल्या क्ष-किरणांच्या चित्रांत फुप्फुसाचा भाग भरीव दिसणें. चौथें, रक्ताचा पीएच ७.३० हून खालीं उतरणें. हें कोपनहेगनचें देणें. पांचवें, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, जी आइन्थोफेनच्या विद्युत्-आलेखानें विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रथम कागदावर उमटली. एकूण गुण ० ते ६. एक वा त्याहून कमी गुण असलेल्यांत शंभरांत एक-दोघे दगावले; दोन गुणांवाल्यांत सुमारें आठ; आणि तीन गुण झाले कीं जवळ जवळ चौथा हिस्सा, त्यापुढें त्याहूनही अधिक. २०१६ सालीं आणखी १७२५ रोग्यांवर हा हिशेब ताडून पाहिला, तेव्हां तो टिकला.

श्रोत्यांच्या मनांत एक शंका येईल. हचिन्सनपासून चालत आलेली फुंकर यांत कोठें आहे? ती नाहीं. धापा टाकणाऱ्या माणसाकडून जोराची फुंकर मारून घेणें कठीण, आणि त्या घटकेला तिच्यापेक्षां इतर चिन्हें अधिक बोलतात. उलट, सर्वांत अधिक भार ज्याला आहे त्या चिन्हाला यंत्रच लागत नाहीं. गेल्या काहीं महिन्यांत हा माणूस स्वतःच्या हातानें आंघोळ करीत होता काय, याचें उत्तर घरांतील कोणीही देऊं शकतें. रुग्णालयांत जातांना हें अचूक सांगणें ही कुटुंबाची मोठीच मदत होय.

गुणांचा उपयोग दोन्ही टोकांना आहे. ज्याचे गुण अधिक, त्याच्याकडे अनुभवी डॉक्टरचें लक्ष लवकर जावें, मुखवट्याचें यंत्र वेळीं लागावें, आणि त्याची स्वतःची इच्छा काय आहे हें शुद्धीवर असतांनाच विचारलें जावें. ज्याचे गुण ० किंवा १, त्याला कदाचित् रुग्णालयांत ठेवण्याचीही गरज नसते. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगांत अशा ११८ रोग्यांपैकीं अर्ध्यांना परिचारिकांच्या देखरेखीखालीं घरींच उपचार दिले. ते सुरक्षित ठरले, खर्च वाढला नाहीं, आणि बहुतेक रोग्यांनीं घरच पसंत केलें.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या लागतात. गुण शंभर माणसांविषयीं बोलतात. खाटेवरच्या एका माणसाविषयीं नाहीं. शंभरांतले चोवीस मरतात म्हणजे शहात्तर जगतात, आणि हा रोगी कोणत्या बाजूचा हें आंकडा सांगत नाहीं. शिवाय हा हिशेब इंग्लंडच्या रुग्णालयांत, मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांवर बसविलेला आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें दाखवून दिलें कीं कधींही धूम्रपान न केलेल्यांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आहे, आणि लांकूड व शेण्या जाळणाऱ्या चुलींचा धूर त्याचें एक प्रमुख कारण आहे. जिच्या हातांत विडी कधीं आली नाहीं पण जिचें अर्धें आयुष्य चुलीपुढें गेलें, अशा स्त्रीला हा हिशेब जसाच्या तसा लावण्यापूर्वीं येथल्या रोग्यांवर तो ताडून पाहिला पाहिजे. जेथें रक्ताची आम्लता मोजण्याची सोयच नाहीं, तेथें पांचांपैकीं एक चिन्ह मुळांतच गळतें.

चरकाच्या काळीं भाकीत वैद्याच्या यशासाठीं होतें, हचिन्सनच्या काळीं विमा कंपनीसाठीं, आणि यंत्रें आलीं तेव्हां खाटांच्या वांटणीसाठीं. आजही एखाद्या कागदावर लिहिलेला मोठा आंकडा उपचार नाकारण्याचें निमित्त होऊं शकतो. तसें झालें तर २००७ सालच्या अभ्यासांत दिसलेली जुनी निराशाच गणिताचा वेष घेऊन परत येईल. आंकड्याचें काम डॉक्टरला रोग्याकडे लवकर नेणें एवढेंच आहे. दाराबाहेर हलक्या आवाजांत विचारल्या जाणाऱ्या त्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यानंतर डॉक्टरनें आपल्या तोंडानें, रोग्याच्या माणसांजवळ बसून, द्यावयाचें असतें.